पहाटेचा व्यायाम मी बंद करवला

मुलगी कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये निवडली गेली तेव्हा मी कामावर होतो. बायकोने फोन करून सांगितलं, आणि यंत्रांच्या आवाजात मी दोन वेळा "काय? काय?" केलं. तिसऱ्यांदा कळलं तेव्हा मला आनंद झाला होता, हे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे मी जे केलं ते तिच्या खेळावर राग होता म्हणून नव्हे.

मी मूळचा संगमनेरचा. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, चार वर्षं तिकडेच नोकरी केली आणि मग बहारीनला आलो. मुहर्रकला विमानतळाच्या आसपासच्या इमारतींच्या एअर कंडिशनिंगची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत मी मेंटेनन्स इंजिनिअर आहे. राहायला जनाबियाला, एका छोट्या कंपाउंडमध्ये. बायको एका क्लिनिकमध्ये अकाउंट्स बघते. मुलगी इथेच वाढली. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मराठी बोलते ती फार दुखलं-खुपलं की, नाहीतर फार लाडात आली की.

लहानपणी कंपाउंडमधल्या मुलांत ती एकटी मुलगी फुटबॉल खेळायची आणि सगळ्यांना मागे टाकून पळायची. बारावीनंतर तिला पुण्याला पाठवायचं की इथेच ठेवायचं यावर आमच्या घरी दोन महिने चर्चा चालली होती. तिने रिफाच्या पलीकडचं एक खासगी कॉलेज निवडलं. अभ्यासक्रम चांगला आहे असं आम्हाला सांगितलं. खरं कारण तिथली मुलींची टीम होती.

टर्म सुरू झाल्यावर टीममधल्या मुलींच्या पालकांना एका शनिवारी बोलावलं. फुटबॉलचे कोच पाच मिनिटं बोलले. मग त्यांनी एका बाईंची ओळख करून दिली. मुलींच्या ताकदीचा आणि तयारीचा सगळा कार्यक्रम त्यांच्याकडे होता. बाई चाळिशीच्या आतल्या, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, पायात धावायचे बूट. पालकांशी त्या इंग्रजीत बोलल्या, पण कार्यक्रम संपल्यावर यादीतलं माझं आडनाव वाचून सरळ मराठीत आल्या.

"सर, तुम्ही कुठले?"

मी संगमनेर सांगितलं. त्या श्रीवर्धनच्या. मुंबईत फिजिओथेरपी शिकलेल्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेल्या. "दोन मिनिटं आहेत का? तुमच्या मुलीचं काहीतरी दाखवायचंय," असं म्हणून त्यांनी फोनवर एक व्हिडिओ लावला. गुडघाभर उंचीच्या एका लाकडी खोक्यावरून मुलगी खाली उडी मारते आणि जमिनीवर येते, एवढंच. त्यांनी तो हळू करून पुन्हा दाखवला.

"गुडघे बघा. खाली येताना आत वळतात, एकमेकांकडे. दिसलं?"

मला दिसलं. पाय टेकताक्षणी दोन्ही गुडघे जवळजवळ एकमेकांना लागत होते.

"टीममधली सगळ्यात वेगवान पोरगी आहे ही. पण हा वेग थांबवायला, वळवायला जी ताकद लागते ना, कमरेत, मांडीच्या मागच्या बाजूला, ती अजून नाहीये. मग सगळा भार जातो गुडघ्यावर. मुलींच्या बाबतीत हा धोका जास्त असतो. आठवड्यातून तीन दिवस सकाळी साडेपाचला मी त्यांना घेणार आहे. वजनं, उड्या, थांबायला शिकणं. हिची एकही सकाळ चुकवू नका."

"साडेपाचला?" मी म्हणालो.

"नंतर हॉल मुलांच्या टीमला असतो. आणि संध्याकाळी मैदानावरचा सराव."

मी मान हलवली. मनात हिशोब करत होतो की पाचला निघावं लागेल.

मुलीला गाडीचं लायसन्स अजून मिळालं नव्हतं. शिकवणीच्या तारखा लांबच्या मिळत होत्या. बायको म्हणाली, "कसं जमवायचं?" मी म्हटलं, "मी सोडतो की. माझ्या रस्त्यातच आहे." ते माझ्या रस्त्यात नव्हतं. जनाबियाहून मुहर्रकला जायला रिफाकडे वळायची काही गरज नसते. पण आपण मुलीसाठी काहीतरी करतोय हे मला आवडत होतं, आणि ते सहज करतोय असं दाखवायलाही.

पहिला महिना बरा गेला. रविवार, मंगळवार, गुरुवार. साडेचारला उठायचं, चहा घ्यायचा, अंधारातच वाटेतल्या उंटांच्या फार्मवरून गाडी काढायची. तिला सोडलं की मी कॉलेजच्या पार्किंगमध्ये सीट मागे करून थोडा वेळ पडायचो आणि मग मुहर्रक. सातला माझी ड्यूटी. एक-दोनदा तिला काही द्यायला आत गेलो तेव्हा हॉलमध्ये डोकावलो. मुली खांद्यावर दांडा घेऊन खाली बसत होत्या, उठत होत्या. एका पायावर उभ्या राहून वाकत होत्या. बाई प्रत्येकीच्या गुडघ्याकडे बघत फिरत होत्या. "नी आउट, नी आउट. हळू. यल्ला, अजून एक." मला ते फुटबॉल वाटलंच नाही. चेंडू कुठे दिसत नव्हता.

घरात फरक दिसायला लागला. ती तीन-तीन अंडी खायला लागली. पोळ्या वाढल्या. बायको हसून म्हणाली, "खांदे बघ हिचे, माझे ब्लाउज आता बसायचे नाहीत हिला." मुलगी आरशात दंड वाकवून दाखवायची.

मला मात्र ते झेपत नव्हतं. उन्हाळा ओसरत होता तरी प्लँटवर काम कमी नव्हतं आणि पन्नाशी जवळ आली होती. दुपारी रिपोर्ट लिहिताना अक्षरं एकमेकांत मिसळायची. एका गुरुवारी पहाटे, हायवेवर, माझा क्षणभर डोळा लागला असावा. शेजारच्या ट्रकने जोरात हॉर्न दिला. मुलगी "बाबा!" म्हणून ओरडली. मी गाडी सरळ केली. "अगं, बघितलं मी. तोच इकडे येत होता," असं म्हणालो.  घरी तो विषय ना तिने काढला, ना मी.

दोन आठवड्यांनी तिच्या एका परीक्षेचे मार्क आले. स्टॅटिस्टिक्स. नापास नव्हती, पण नेहमीपेक्षा खूपच खाली. कागद हातात घेतल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं. हे मी इतक्या वर्षांत कुणापाशी असं शब्दांत बोललो नव्हतो.

रात्रीचं जेवण चालू होतं. मी म्हणालो, "हे बघ, फुटबॉल खेळ. संध्याकाळचा सराव कर, मॅचेस खेळ. पण पहाटेचं ते वजनं उचलणं बंद. झोप नाही झाली तर अभ्यास कसा होणार?"

ती इंग्रजीत म्हणाली की कोचना ते आवडणार नाही. मग म्हणाली की बुदैयाला राहणारी टीममधली एक मुलगी स्वतः गाडी चालवत जाते, ती जाताना मला घेईल.

"रोज रोज दुसऱ्याच्या गाडीत कशाला? आणि मुद्दा गाडीचा नाहीये, अभ्यासाचा आहे."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मला वाटलं होतं ती भांडेल. ती लहानपणापासून भांडकुदळ. पण ती म्हणाली, "ओके, बाबा." आणि ताट उचलून आत गेली. बायको म्हणाली, "एवढ्यात ऐकलं?" मीही चकित झालो होतो, पण मी वळून पाहिलं नाही.

बाईंना सांगायला मी स्वतः गेलो. त्या हॉलमध्ये चटया गुंडाळत होत्या. माझं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "दोन दिवस करू या मग. तीनऐवजी दोन."

"नाही मॅडम, अभ्यास पहिला."

"सर, तिच्यात आत्ता कुठे फरक पडायला लागलाय. सहा आठवड्यांत ही ताकद येत नाही. आणि मध्येच सोडून नुसत्या मॅचेस खेळणं जास्त वाईट. येण्या-जाण्याचा प्रश्न असेल तर मी सोय लावून देते."

"तसा काही प्रश्न नाही," मी म्हणालो.

"मग निदान घरी करायला देते. लिहून देते."

त्यांनी एका कागदावर सहा व्यायाम लिहून दिले, बाजूला काड्यांची माणसं काढून. तो कागद आमच्या फ्रिजवर लागला. मुलीने आठ-दहा दिवस केले असतील. मग परीक्षा आल्या, मग भारतातून पाहुणे आले. मी एकदाही तिला विचारलं नाही की केलेस का. मी सकाळी सहापर्यंत झोपत होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

माझ्या कामावर मी नव्या पोरांना एक गोष्ट कायम सांगतो. पंप नीट चालतोय तेव्हाच त्याचं बेअरिंग बघायचं. आवाज यायला लागल्यावर बघून उपयोग नसतो. वर्षानुवर्षं मी हे सांगत आलोय. घरी हे मला एकदाही आठवलं नाही.

कोचनी तिला टीममध्ये ठेवलं, कारण तिच्याइतकं पळणारं दुसरं कुणी नव्हतं. हिवाळाभर ती खेळली, दोन गोल केले. स्टॅटिस्टिक्समध्येही मार्क वाढले. मी बायकोला म्हणालो, "बघ, सांगत होतो ना?"

रमजान सुरू व्हायच्या आधीची शेवटची मॅच शुक्रवारी दुपारी होती. हवा छान होती, वारा होता. आम्ही दोघं बघायला गेलो होतो. बायकोने मुलींसाठी थालीपीठं करून नेली होती. दुसऱ्या अर्ध्या खेळात मुलीला उजव्या बाजूला मोकळा चेंडू मिळाला. ती सुटली. समोरची मुलगी आडवी येतेय असं पाहून तिने उजवा पाय रोवला आणि आत वळली. त्या समोरच्या मुलीने तिला स्पर्शसुद्धा केला नाही. मला फक्त दिसलं की वळताना तिचा गुडघा आत गेला आणि ती खाली पडली. आवाज मी ऐकला नाही. ती नंतर म्हणाली की तिने ऐकला, लाकूड मोडल्यासारखा.

पडल्या पडल्या ती मराठीत ओरडत होती. "आई गं! आई गं!" बायको कठड्यावरून उडी मारून मैदानात गेली. मी गेटपर्यंत धावलो, गेटवरच्या माणसाने हात आडवा केला, मग माझा चेहरा बघून बाजूला झाला. मी पोहोचलो तेव्हा बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि म्हणत होत्या, "श्वास घे. बघू नकोस तिकडे. माझ्याकडे बघ."

बाईंनी माझ्याकडे वर पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

एमआरआयमध्ये कळलं की गुडघ्याच्या आतली मुख्य दोरी, म्हणजे लिगामेंट, पूर्ण तुटली आहे, शिवाय कूर्चेलाही इजा आहे. ऑपरेशन करावं लागेल, आणि मैदानावर परतायला कमीत कमी नऊ-दहा महिने. डॉक्टर हे सांगत असताना मुलगी मान खाली घालून स्वतःच्या नखांकडे बघत होती. तिने एकच प्रश्न विचारला, "पुन्हा पळता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "मेहनत केलीस तर." 

चार दिवसांनी बाई आमच्या घरी आल्या. रोजे सुरू झाले होते. आम्ही चहासुद्धा विचारू शकत नव्हतो, त्याचंही मला अवघड वाटलं. त्यांनी मुलीला सतरंजीवर बसवलं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि ती दाबायला सांगितली. मांडीचा स्नायू जागा व्हायला हवा होता. तो हलतच नव्हता. मुलीचे डोळे भरून आले.

"ऑपरेशनच्या आधीच सुरू करायचं," बाई म्हणाल्या. "जेवढी ताकद घेऊन आत जाशील, तेवढी लवकर बाहेर येशील."

त्यांना सोडायला मी खाली गाडीपर्यंत गेलो. विचारायचं ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघालंच.

"मॅडम, मी बंद केलं नसतं तर हे झालं नसतं का?"

त्या किल्ली हातात धरून थांबल्या. "भाऊ, खोटं नाही सांगणार. रोज येणाऱ्या मुलींचंही झालेलं मी बघितलंय. झालंच नसतं असं कुणी सांगू शकत नाही."

"पण?"

"पण शक्यता कमी झाली असती. बरीच कमी. मी त्याच्यासाठीच तिथे असते."

आजवर त्या मला सर म्हणत होत्या. त्या दिवशी भाऊ म्हणाल्या, आणि तरीही उत्तर बदललं नाही. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

ऑपरेशन झालं. मग सुरू झाले ते महिने मला अजूनही वेगवेगळे आठवत नाहीत, एकच लांब दिवस असल्यासारखे आठवतात. कुबड्या. बर्फाच्या पिशव्या. गुडघा किती वाकला हे मोजणारं प्लॅस्टिकचं यंत्र. चांगल्या पायाची मांडी आणि दुखऱ्या पायाची मांडी, टेपने मोजून वहीत लिहायची. दुखरी मांडी इतकी बारीक झाली होती की पहिल्यांदा मोजताना बायकोने टेप माझ्या हातात दिली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी मॅनेजरकडे जाऊन शिफ्ट बदलून मागितली. ती मागितल्यावर तीन मिनिटांत मिळाली. आधी मागितली असती तर तेव्हाही मिळाली असती.

मुलगी चिडायची. एकदा तिने टॉवेलची गुंडाळी भिंतीवर फेकली आणि म्हणाली, आता मी हे करणार नाही, खलास. मी ती उचलून पुन्हा तिच्या पायाखाली ठेवली आणि शेजारी बसून माझ्या गुडघ्याखाली उशी घेऊन तेच करायला लागलो. ती हसली नाही. पण पाय दाबायला लागली.

मला जे सांगायचं आहे ते एप्रिलच्या शेवटचं. कुबड्या सुटल्या होत्या. कमरेइतक्या पाण्यात चालायला बाईंनी सांगितलं होतं, म्हणून शनिवारी सकाळी मी तिला झल्लाकच्या बाजूच्या समुद्रावर घेऊन जायचो. त्या दिवशी आम्ही लवकर पोहोचलो. किनाऱ्यावर एक-दोन कुटुंबं होती. मी इंजिन बंद केलं आणि समोर बघत म्हणालो, "तुला एक सांगायचंय. तुझ्या पहाटेच्या व्यायामाचं मी जे बंद केलं ना, ते मार्कांसाठी नव्हतं. मला झोप येत होती. मला ते झेपत नव्हतं. मी तसं सांगायला पाहिजे होतं."

ती मग मराठीत म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुला झोप यायची ते. तू सिग्नलला मान खाली टाकायचास. त्या ट्रकवाल्याने हॉर्न मारला ना, त्याच्यानंतर मी गाडीत कधी झोपले नाही. तुझ्याकडे बघत बसायचे. आणि मला सोडून तू एकटा मुहर्रकला जायचास, तेव्हा तू पोहोचल्याचा मेसेज येईपर्यंत मला काही सुचायचं नाही."

 त्या दिवसांत ती सकाळी सातला "रीच्ड?" असा मेसेज पाठवायची. मला वाटायचं लाडाने पाठवते.

"तू मार्कांचं काढलंस तेव्हा मला बरं वाटलं," ती म्हणाली. "कोचना सांगायला कारण मिळालं. बाबा गाडी चालवताना झोपतो, असं सांगायचं का मी?"

"अगं, मग आईला सांगायचंस."

"तुम्ही भांडला असता."

"आणि ती बुदैयाची मुलगी? तिच्याबरोबर..."

"ते मी विचारलं होतं. तू नाही म्हणालास."

ती हे कडवटपणे म्हणाली नाही. वस्तू जागेवर ठेवावी तसं म्हणाली. मला वाटत होतं मी तिचा व्यायाम बंद केला. तो तिने माझ्यासाठी सोडला होता. अठरा वर्षांची पोर माझ्या जिवाची काळजी करत बसली होती आणि मी तिच्या अभ्यासाची काळजी करतो असं दाखवत होतो. मला रडू आलं. तिने माझ्या हातावर हात ठेवला, दोन वेळा थोपटलं, आणि इंग्रजीत म्हणाली की ऊन वाढायच्या आत पाण्यात जाऊ या.

त्या दुपारी मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "माझं क्लिनिक नऊला उघडतं. मी सोडलं असतं तिला."

"तू कधी म्हणाली नाहीस."

"तूच म्हणायचास ना, माझ्या रस्त्यातच आहे?"

त्यानंतर बरेच दिवस आम्ही कामापुरतं बोललो.

सप्टेंबरमध्ये नव्या टर्मची पालकांची सभा होती. माझी मुलगी खेळत नव्हती, तरी बाईंनी आम्हाला बोलावलं होतं. कॉलेजला पहाटेचा कार्यक्रम आठवड्यातून एकच दिवस करायचा होता. फार मुली येत नाहीत, एवढा खटाटोप कशाला, असं त्यांचं म्हणणं. एक गृहस्थ उठून म्हणाले की माझ्या मुलीला फुटबॉल खेळायचाय, पैलवान व्हायचं नाहीये, आणि पहिल्या वर्षी अभ्यास महत्त्वाचा. काही जणांनी माना डोलावल्या. बाई समजावत होत्या, पण त्यांचा आवाज थकलेला होता. असं त्यांनी किती जणांना समजावलं असेल, त्यात मीही होतो.

मी उठलो. इंग्रजीत सुरुवात केली, मध्येच हिंदीत गेलो. मी म्हणालो की मागच्या वर्षी मीही अभ्यासच म्हणालो होतो. खरं म्हणजे मला साडेचारला उठवत नव्हतं. माझी मुलगी मागे बसली आहे, तिच्या गुडघ्यावरचा व्रण बघा. वजनं उचलली असती तर हे झालंच नसतं असं मी म्हणत नाही, तसं कुणी म्हणू शकत नाही. पण तुम्ही नाही म्हणणार असाल तर खरं कारण आधी स्वतःला सांगा. आणि कारण गाडीचं असेल तर इथे मोठ्याने बोला, त्याच्यावर उपाय निघतो.

मी बसलो तेव्हा माझे कान तापले होते. एका मुलीच्या आई हळूच म्हणाल्या की आमचा प्रश्न गाडीचाच आहे. मग आणखी दोघं बोलले. त्या दिवशी कुणी कुणाला घ्यायचं याची यादी झाली. कार्यक्रम तीनवरून दोन दिवसांवर आला, एकावर नाही. पैलवानाचं बोललेल्या त्या गृहस्थांनी मुलीला पाठवलं नाही. नाही म्हणजे नाही.

माझी मुलगी अकरा महिन्यांनी मैदानावर परतली. त्याआधी बाईंनी तिच्या सगळ्या चाचण्या घेतल्या. एका पायावर किती लांब उडी, किती वेळा, थांबते कशी. दोन्ही पाय जवळजवळ सारखे आले तेव्हाच सही केली. कोचना ती दोन आठवडे आधी हवी होती. बाई इथल्या भाषेत मफी म्हणाल्या, म्हणजे नाही, अजून नाही. आता ती लायसन्स घेऊन स्वतः गाडी चालवत पहाटे जायची. पूर्वी कधी नव्हती इतकी ती दणकट झाली होती.

तिसऱ्या मॅचला मी एकटाच बघायला गेलो होतो. शेवटची वीस मिनिटं तिला उतरवलं. उजव्या बाजूला मोकळा चेंडू आला. पूर्वीची ती त्याच्यावर झेपावली असती. तिने चार पावलं जोरात टाकली, मग वेग कमी केला आणि चेंडू रेषेबाहेर जाऊ दिला. बाकावरून कुणी ओरडलं. बाईंनी फक्त वहीत काहीतरी लिहिलं.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "बाबा, आता बास."

"घाई नको. अजून वेळ लागेल, असं त्या म्हणत होत्या ना?"

"पाय ठीक आहे. पायाचं काही नाही." ती पट्टा लावत होती. "धावताना मी सगळा वेळ गुडघ्याचाच विचार करते. चेंडू दिसतच नाही मला."

मला सांगायचं होतं की थांब, प्रयत्न कर, मी रोज येईन. पण तिने हे मराठीत सांगितलं होतं, आणि ठरवून सांगितलं होतं. मी गाडी सुरू केली. तिने सीझन पुरा केला, बाकावरून, आणि मग टीम सोडली.

आता ती मनामात एका ऑफिसात नोकरी करते. व्यायाम सोडलेला नाही; दांड्याला माझ्या वजनापेक्षा जास्त भाराच्या ताटल्या लावते. फुटबॉलची आठवण येते का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, नाही. खरं होतं की मला जपायला म्हणाली, ते मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर मला झालेला नाही.